पापणी मिटेपर्यंत

‘जिवंत व्यक्ती आढळली नाही. पुन्हा प्रयत्न करा.’ ही अक्षरे फोनच्या काचेवर उमटली, तेव्हा गौरीशंकर फोनकडे पाहत नव्हता. त्याची नजर संगणकावर खिळलेली होती, कारण अ‍ॅपच्या चाचणीसाठी आठवडाभर खपून उभारलेली सगळी मांडणी त्या क्षणी पहिल्यांदाच एका खऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर चालवून पाहायची होती. संगणकावर लाल ओळ आली: चाचणी फसली. लाल ओळ ही त्याच्या व्यवसायातली नित्याची गोष्ट. तिला पाहून दचकायचे नसते, तिचे कारण शोधायचे असते. तसे ते शोधण्यासाठी त्याने मान वळवली, आणि त्याला दिसले की ती वाक्ये त्याच्या वडिलांनी आधीच वाचली आहेत. शरणप्पा खिडकीखाली सतरंजीवर मांडी घालून बसले होते. फोन त्यांनी डाव्या तळहातावर घेतला होता, छातीच्या उंचीवर, कोपर अंगाशी टेकवून; फोनला लावलेली केबल त्यांच्या मनगटावरून ओघळून संगणकापर्यंत आली होती. सकाळच्या पूजेची विभूती कपाळावर वाळून पांढरी होत होती. अक्षरे मोठी होती. म्हाताऱ्या माणसांना चष्म्याशिवाय वाचता यावीत म्हणून ती मुद्दाम मोठी ठेवावीत, अशी सूचना गौरीशंकरनेच मागे कधीतरी केली होती आणि ती मान्यही झाली होती.

“काय म्हणतंय हे?” शरणप्पांनी विचारले.

“नेटवर्कचं काहीतरी आहे, अप्पा. इथं रेंज जाते.”

“रेंज न्हाय असं न्हाय लिवलेलं. मला वाचता येतंय, गौऱ्या.” त्यांनी फोन किंचित दूर धरला. “मी न्हाय म्हणतंय.” मग भिंतीकडे मान करून ते म्हणाले, “तिला बी हेच म्हनलं मगाशी.”

भिंतीवर उमादेवीचा, गौरीशंकरच्या आईचा, काचेच्या चौकटीतला फोटो होता. मगाशी, म्हणजे चहाच्या आधी, गौरीशंकरने फोन त्या फोटोसमोर धरला होता. तपासायच्या बाबींतली ती एक बाब होती: कॅमेऱ्यापुढे माणसाऐवजी माणसाचा फोटो धरला, तर अ‍ॅपने तो नाकारला पाहिजे. घरात चौकटीत बसवलेला दुसरा चेहरा नव्हता. हात किंचित अवघडला होता. आपण हे करताना अप्पांनी पाहू नये असे वाटले होते, आणि त्यांनी पाहिले होते. नंतर उठून धोतराच्या सोग्याने त्यांनी काच पुसली, जणू तिच्यावर कोणाचा तरी श्वास पडला होता. अ‍ॅपने फोटो नाकारला, संगणकावर हिरवी ओळ आली, आणि त्या हिरव्या ओळीचा आनंदही त्याला झाला होता, हे आता आठवताना त्याला बरे वाटले नाही. कारण फोटोला जे वाक्य मिळाले तेच, अक्षरशः तेच वाक्य, आता फोटोसमोर बसलेल्या माणसाला मिळाले होते.

अ‍ॅप खोटे बोलले होते काय? गौरीशंकरला कोणत्याही गोष्टीचा निवाडा करण्यापूर्वी दोन्ही बाजू मांडायची सवय होती, आणि ही सवय त्याला नोकरीत उपयोगी व घरात त्रासदायक ठरत आली होती. अ‍ॅपचे काम निवृत्त माणसांच्या हयातीची खातरजमा करण्याचे. पूर्वी नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी म्हातारी माणसे बँकेच्या ओट्यावर ओळीने बसत. साहेबांनी तोंडाकडे पाहायचे, सही घ्यायची, झाले. आता ज्या निवृत्तिवेतन संस्थेने हे अ‍ॅप करायला दिले होते तिचे म्हणणे असे की, माणसाने घरी बसून फोनसमोर चेहरा धरावा, सांगितल्याबरोबर पापण्या मिटाव्या, उघडाव्या, आणि आपण आहोत हे सिद्ध करावे. फोटो पापण्या मिटत नाही. यावाचून जिवंत आणि निर्जीव यांत भेद करण्याची दुसरी स्वस्त खूण त्यांना सापडली नव्हती. त्यासाठी अ‍ॅप दहा सेकंद थांबत असे. दहा सेकंदांत पापणी मिटून उघडली नाही, तर समोर फोटो आहे असे समजायचे. नियम म्हणून यात काही गैर नव्हते. शिवाय ‘मेला आहे’ असे अ‍ॅप कुठे म्हणत होते? ते एवढेच म्हणत होते की आढळला नाही. गौरीशंकरने हा युक्तिवाद मनातल्या मनात पूर्ण केला, तो त्याला निर्दोष वाटला, आणि तरीही तोंडात मातीची चव आली ती गेली नाही.

धाराशिवला, बार्शी नाक्याजवळच्या या दोन खोल्यांत तो आई गेल्यावर येऊन राहिला होता. लग्न राहून गेले होते. पुण्याची खोली सोडताना कोणाला विचारावे लागले नाही. माकणीच्या धरणावर दरवाजे आणि पाट सांभाळण्यात अप्पांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर आईच्या औषधपाण्यासाठी म्हणून ते जिल्ह्याच्या गावी आले, आणि जिच्यासाठी आले ती गेल्यावर इथेच बसून राहिले. कंपनीने गौरीशंकरला घरून काम करण्याची मुभा दिली, पण मुभा ही अशी वस्तू आहे की तिची आठवण देणाऱ्याला वारंवार येत असते. मग जुना संगणक बंद पडला. कंपनीने नवा कोरा संगणक कुरिअरने धाडला आणि सोबत अट: चाचणीची सगळी मांडणी त्याने धाराशिवहून स्वतः उभारावी, आणि अमुक तारखेच्या संध्याकाळपर्यंत पहिली फेरी पूर्ण हिरवी करून दाखवावी, तसे झाले तर तिथेच राहा, नाही तर पुण्याला हजर व्हा. ती तारीख आजची होती. आणि अप्पा पुण्याला येणार नव्हते. त्यांना त्याने अनेकदा विचारले होते. जेवताना विचारले होते, दवाखान्याच्या बाकावर विचारले होते, एकदा रिक्षातही. दर वेळी ते ताटाकडे, भिंतीकडे किंवा रस्त्याकडे पाहत राहिले, आणि त्यांच्या त्या गप्प राहण्याचा अर्थ उघड होता म्हणून त्याने विषय बदलला होता, किंवा हात धुवायला उठून गेला होता.

मांडणी उभारण्याचे काम त्याला मनापासून आवडत असे, ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नव्हती. कोऱ्या संगणकात एकेक वस्तू आणून ठेवायची: आधी जावा, मग अँड्रॉइडची साधने, मग अ‍ॅपियम नावाचा मध्यस्थ, जो संगणकाची आज्ञा फोनला समजेल अशी करून पोचवतो. वस्तू नुसत्या आणून भागत नाही. प्रत्येकीला दुसरीचा ठावठिकाणा सांगावा लागतो. जावा कोणत्या फोल्डरात आहे हे लिहून ठेवले नाही, तर ती घरात असूनही बाकीच्यांच्या लेखी नसते. पहिले दोन दिवस असेच गेले. सगळे जागेवर होते आणि कोणी कोणाला ओळखत नव्हते. मग ओळखी पटत गेल्या, बरोबरच्या खुणा एकाखाली एक उमटल्या, आणि फोन जोडायची वेळ आली. कंपनीचा फोन येतो येतो म्हणत आला नाही. अप्पांचा फोन होता. एसटी स्टँडसमोरच्या दुकानातून आणलेल्या केबलने तो नुसता चार्ज होत राहिला, संगणकाला काही दिसेना. त्या केबलमधून वीज तेवढी जाते, माहिती जात नाही, हे समजायला एक दुपार गेली. नवी केबल लावल्यावर संगणकाला फोन दिसला, पण ‘अनधिकृत’ म्हणून. आणि त्याच वेळी फोनने आपल्या काचेवर प्रश्न मांडला की, या संगणकावर विश्वास ठेवायचा का. या प्रश्नाचे उत्तर कोणताही प्रोग्राम देऊ शकत नाही. यानंतरचे सगळे, बटणे दाबणे, अक्षरे भरणे, एका पानावरून दुसऱ्यावर जाणे, एक न दिसणारे बोट आपोआप करणार असते. पण त्या बोटाला घरात घेण्याआधी एकदा खऱ्या माणसाचे बोट लागते.

“कोण इचारतंय?” अप्पांनी विचारले होते.

“तुमचा फोन विचारतोय. या संगणकावर विश्वास ठेवू का म्हणून.”

“संगणक तुझाच हाय न्हवं?”

“कंपनीचा.”

“बसवला तूच न्हवं? मग इचारायचं काय त्यात. लईच शंकेखोर झाला की ह्यो फोन.” आणि तर्जनी उगाचच धोतराला पुसून त्यांनी ‘हो’वर टेकवली होती, बराच वेळ टेकवून ठेवली होती, अंगठा उठवताना शाई नीट लागावी म्हणून माणूस दाबून धरतो तशी.

तीच माणसे, तोच फोन. आता गौरीशंकरने पुन्हा फेरी सुरू केली. न दिसणाऱ्या बोटाने अ‍ॅप उघडले, नाव भरले, कॅमेऱ्याच्या पानावर नेऊन सोडले. गोल चौकटीत अप्पांचा चेहरा आला. चौकटीखाली सूचना आली: पापण्या मिटा. “अप्पा, पापण्या मिटा,” तो म्हणाला. अप्पा पाहत राहिले. त्यांनी सूचना वाचली नाही असे नव्हते, मुलाचे बोलणे ऐकले नाही असेही नव्हते. त्यांची नजर त्या वर्तुळात जाऊन बसली होती आणि तिथून ती मधेच उचलता येण्यासारखी नव्हती. मग पापण्या खाली आल्या, सावकाश, सांजेला दुकानाची फळी लावावी तशा, आणि आल्या त्या मिटूनच राहिल्या. दहा सेकंद केव्हाच सरले होते. जिवंत व्यक्ती आढळली नाही.

डावा तळहात. गौरीशंकरने तो हात पाहिला आणि ज्या ठिकाणी लाल ओळीचे कारण दडले होते ते ठिकाण त्याला एकदम दिसले. पूजेला बसताना गळ्यातले इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचे, छातीशी धरायचे, आणि पाहायचे. पापणी न पाडता पाहायचे. तो सात-आठ वर्षांचा होता तेव्हा अप्पांनी त्याला दीक्षेनंतर शेजारी बसवून हे शिकवले होते. डोळ्यांत पाणी येई, चुरचुर होई, काळ्या लिंगावर खिडकीचा एवढासा उजेड तरंगत असे आणि पाहता पाहता त्या उजेडावाचून काही उरत नसे. डोळा मिटलाच तर लगेच उघडायचा नाही. आत जे दिसते आहे ते विझेपर्यंत मिटलेलाच ठेवायचा. त्याच्याने ते कधी झाले नाही. आई स्वयंपाकघरातून डोकावून कानडीत म्हणे, “साकु, येळप्पा,” पुरे आता, ऊठ बाबा. आणि तो सुटल्यासारखा उठे. अप्पा बसून राहत. तळहातावर ठेवलेल्या, आपल्याकडे पाहणाऱ्या वस्तूकडे पाहण्याची दुसरी रीत त्या हाताला साठ-पासष्ट वर्षांत माहीत नव्हती. फोन त्यांनी उजव्या हातात कधी धरलाच नसावा. बोलताना ते तो डाव्या हातानेच कानाशी नेत. गौरीशंकरने तो उजव्या हातात देऊन पाहिला. हात थरथरला, चौकटीतून चेहरा निसटला. त्याने फोन पुस्तकांना टेकवून ठेवला; अप्पांनी तो आपण होऊन उचलला आणि पुन्हा डाव्या तळहातावर घेतला, आणि त्यात हट्ट मुळीच नव्हता.

दीपालीचा फोन जेवणानंतर आला. ती त्याच्या गटाची प्रमुख, वयाने लहान, मूळची येडशीची. पुण्यात राहून तिची भाषा नीटनेटकी झाली होती, घाईत मात्र गाव डोके वर काढी.

“सेटअप झालं म्हणे. मग एक लाल का दिसतंय?”

“जिवंत चेहऱ्याची केस आहे. अप्पांना नाकारतंय.”

“कोण अप्पा?”

“माझे वडील.”

“तुम्ही वडिलांनाच टेस्ट डेटा केलंत?”

“फोन त्यांचा आहे. चेहराही त्यांचाच.”

“अहो, मग पापण्या मिटा म्हणावं त्यांना.”

“मिटतात. पण आधी पाहतात.”

“काय पाहतात?”

याचे उत्तर त्याच्यापाशी होते, पण ते फोनवर देण्याजोगे नव्हते. तो म्हणाला, “दहा सेकंद पुरत नाहीत त्यांना.”

“गौरीशंकर, माझी आजी फोटो काढायचा म्हटलं की श्वास धरून बसते. म्हणून काय कॅमेरा चुकला? आपण अ‍ॅप तपासतोय, तुमचे अप्पा नाही. दहा सेकंद क्लायंटनं दिलेत.” मग आवाज उतरवून ती म्हणाली, “ऐका. आभासी फोन लावा संगणकावरच, आणि त्याच्या कॅमेऱ्याला रणधीरचा व्हिडिओ द्या. सर्व्हरवर आहे. मस्त डोळे मिचकावतो, हिरवं होतंय.”

“रणधीरला पेन्शन कोण देणार? तो अजून नोकरीत कायम झालेला नाही.”

“रिपोर्ट वय विचारत नाही हो.” ती हसली, मग हसायची थांबली. “हे बघा, संध्याकाळी हिरवं दिसलं तर तुमचं तिकडचं राहणं मी वर पटवून देते. लाल दिसलं तर ते म्हणणार, तिकडून काम होत न्हाय. मग मी काय बोलू? मला तुमचं वाईट व्हावं असं वाटतं का?”

तसे तिला वाटत नव्हते, हे त्याला ठाऊक होते. आणि हीच तर अडचण होती. समोर कोणी दुष्ट माणूस असता तर विरोध करणे सोपे गेले असते. रणधीरचा व्हिडिओ लावणे हे खोटेही म्हणता आले नसते. बाब एवढीच लिहिलेली होती: जिवंत चेहरा स्वीकारला जावा. रणधीर जिवंत होता. त्याचा चेहरा स्वीकारला गेला असता. वाक्यातला प्रत्येक शब्द खरा ठरला असता, आणि त्या खऱ्या शब्दांच्या बळावर गौरीशंकर या दोन खोल्यांत राहिला असता, अप्पांच्या भाकरीचा तुकडा मोडून देत, त्यांच्या गोळ्या वेळेवर देत. ज्याच्यासाठी राहायचे त्यालाच वगळून राहण्याची सोय करायची, असा तो व्यवहार होता. त्याने व्हिडिओ उतरवून घेतला. उघडला. रणधीरने पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहून दोनदा टपटप डोळे मिटले आणि शेवटी, चित्रण संपले असे समजून, कोणाकडे तरी पाहून तो हसला. चांगला मुलगा होता. गौरीशंकरने त्याला परत पहिल्यापासून पाहिले. आतल्या खोलीत अप्पा पडले होते. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता, मधेच येत नव्हता, आणि येत नसे तेव्हा गौरीशंकर कान देऊन थांबत असे. ही सवय त्याला आई गेल्यानंतर लागली होती. किती वेळ थांबायचे याचा नियम मात्र त्याने ठरवला नव्हता.

कान देऊन थांबणे. माकणीच्या वरच्या अंगाला त्यांचे गाव होते. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात भूकंपाने जी गावे बसली त्यांत ते बसले. तो दहा वर्षांचा होता. अप्पा त्या रात्री धरणाच्या चौकीवर होते म्हणून वाचले, आई ओसरीवर होती म्हणून लवकर निघाली. तो आत होता, आणि छपरावरच्या माळवदाची माती त्याच्यावर उतरली. पुढे काय झाले ते त्याला दोन बाजूंनी माहीत आहे: आतून, स्वतःचे, आणि बाहेरून, आईने सांगितलेले, आणि या दोन बाजू त्याच्या मनात कधी एक झाल्या नाहीत. आत तोंडात माती होती. नाकापाशी ओंजळभर हवा होती. एका हाताशी तांब्या होता, थंड, गोल, आणि तो हात हलत होता. बाहेर दिवस वर आला होता हे दगडांच्या फटीतून कळत होते. माणसे येत, ओरडत, “हाय का कुनी?” आणि गप्प राहून ऐकत. ते शब्द त्याच्यापर्यंत पोचत, फार लांबून, पाण्यातून आल्यासारखे. ओ द्यायला हवी असे त्याला वाटे. आणि ते वाटणे हातापर्यंत जाईस्तोवर डोळा लागे. आपण ओ दिली असे स्वप्न पडे. मग खरोखर जाग येऊन तो तांब्या दगडावर वाजवी, तेव्हा बाहेर कोणी नसे. असे किती वेळा झाले कोण जाणे. त्या माणसांना घाई होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढे गावभर ढिगारे होते आणि दुसरीकडून हाका येत होत्या. काही ऐकू येत नव्हते म्हणून ते पुढे गेले. त्यांच्या जागी तोही पुढे गेला असता. मग अप्पांचा आवाज आला. “गौऱ्या, हाईस का?” आणि शांतता. तो उत्तराकडे निघाला आणि वाटेत झोपला. पुन्हा जाग आली तेव्हा बाहेर कोणी हाक मारीत नव्हते, पण कोणी गेलेही नव्हते. दगडावर कोणीतरी बसले आहे, एवढे त्याला अंगाने कळत होते. आई सांगे की शेजारचा बलभीम अप्पांना दंडाला धरून ओढीत होता: “ऊठ शरणप्पा, तिकडं आवाज यायलाय. हितं काय न्हाय आता.” अप्पा उठले नाहीत. ते त्याला म्हणाले, “त्यो जरा उशिरानं ओ देतो.” जेवायला हाक मारली तरी घरात सगळ्यांच्या नंतर येणाऱ्या पोराबद्दल सांगावे, त्याच सुरात म्हणाले. आई हे सांगताना दर वेळी तिथे हसे, आणि हसताना पदर तोंडाला लावी.

उन्हे हातलाईच्या डोंगराकडे कलली तेव्हा गौरीशंकर संगणकापाशी आला. त्याने रणधीरचा व्हिडिओ पुसून टाकला. मग दोष नोंदवण्याचे पान उघडून तो लिहू लागला, आणि नेहमीप्रमाणे त्याने शब्द तोलून लिहिले. जिवंत व्यक्तीला अ‍ॅप निर्जीव ठरवते. व्यक्ती वृद्ध आहे. ती सूचना ऐकते, समजते आणि पाळते, परंतु उशिरा. दहा सेकंदांनंतर आलेला प्रतिसाद अ‍ॅप विचारात घेत नाही. अ‍ॅपची वाट पाहण्याची मुदत संपली म्हणून समोरच्या माणसाचे असणे संपत नाही. तरी मुदत वाढवावी, आणि ती वाढेपर्यंत हे अ‍ॅप लोकांच्या हाती देऊ नये. निष्कर्ष: अनुत्तीर्ण. ‘असणे संपत नाही’ हे वाक्य जरा भाषणासारखे झाले आहे असे त्याला वाटले. खोडावे की काय याचा त्याने विचार केला आणि ते तसेच ठेवले. दीपालीचा निरोप लगेच आला: ‘लालच पाठवलंत शेवटी.’ थोड्या वेळाने दुसरा: ‘तुमच्या नावानिशी वर पाठवतेय. सोमवारी ऑफिसला या म्हणतील बहुतेक. तयारी ठेवा.’ आणि आणखी थोड्या वेळाने, काही संबंध नसल्यासारखा, तिसरा: ‘आजीवर ट्राय करते रविवारी.’

अप्पा उठून बाहेर आले होते. तोंड धुऊन, विभूती लावून, ते आपल्या जागी, खिडकीखाली बसले. “झालं का तुझं काम?”

“झालं.”

“घेतलं का मग त्यानं मला?”

“नाही अजून. पुन्हा बघू या.” तपासणीसाठी दिलेल्या आवृत्तीत ती मुदत एका ओळीत लिहिलेली होती आणि त्याच्या संगणकापुरती बदलण्याची त्याला मोकळीक होती. याचा कामाच्या दृष्टीने आता काही उपयोग नव्हता; अहवाल गेला होता. त्याने दहाचा आकडा काढून टाकला आणि त्या जागी काहीच लिहिले नाही. केबल लावली. फोन अप्पांच्या डाव्या तळहातावर ठेवला. न दिसणारे बोट आपली पाने उलटत गेले आणि वर्तुळापाशी येऊन थांबले. संगणकावर एक बारीक रेघ उघडमीट करीत राहिली.

“अप्पा, मला पुण्याला जावं लागेल बहुतेक,” गौरीशंकर म्हणाला. “तुम्ही येता का?”

अप्पा वर्तुळात पाहत होते. बाहेर नाक्यावर बार्शीची गाडी लागली, वाहकाने नावे पुकारली, गाडी गेली. प्रश्न विचारून झाला होता, उत्तर नेहमीचेच आले होते, आणि गौरीशंकरचे गुडघे सवयीने उठू लागले: चहा ठेवायचा होता, दिवा लावायचा होता. तो अर्धवट उठला आणि पुन्हा खाली बसला. संगणकाकडे पाठ करून, अप्पांच्या समोर, सतरंजीवर. त्यांच्या बुबुळांत खिडकी दिसत होती, एवढीशी, आणि तिच्यात संध्याकाळ. त्या नजरेत कोणी नाही असे वाटावे इतकी ती स्थिर होती; आणि जितके जास्त पाहावे तितके तिच्यात कोणीतरी बसलेले आहे, लांब आत, दगडावर, न हलता, असे वाटू लागे. भिंतीवरच्या काचेतला उजेड खाली सरकला. गौरीशंकरच्याच डोळ्यांना पाणी आले; त्याने ते मिटले, उघडले, पुन्हा पाहिले. मग अप्पांच्या पापण्या उतरल्या. मिटून राहिल्या. आत जे असेल ते विझेपर्यंत त्याने श्वास अडवून वाट पाहिली. आणि त्या सावकाश वर आल्या. पाठीमागे संगणकावर काहीतरी उमटले असावे, कारण भिंतीवर हिरवट उजेड पडला. त्याने वळून पाहिले नाही.

अप्पांनी फोन उजव्या हाताने उचलून सतरंजीवर ठेवला, डावा तळहात मांडीवर पालथा घातला, आणि भिंतीकडे पाहिले.

“तिला उतरवून घे,” ते म्हणाले. “काच हाय. धोतरात गुंडाळ माझ्या, जुन्या.”

“व्हय,” गौरीशंकर म्हणाला. पण ते म्हणायला त्यालाही बराच वेळ लागला, आणि तोवर अप्पा त्याच्याकडे पाहत बसून होते.